दारापर्यंत आलेला माणूस

‘छत्री’ हा शब्द माझ्या तोंडून गेला आणि मी थबकले. समोर आमच्या कार्यालयातला शिक्केवाला उभा होता. दुकानदारांची वजनं आम्ही तपासतो. बरोबर निघाली की वजनाच्या खळग्यात भरलेल्या शिशावर हा हातोडीनं शिक्का उठवतो. वीस वर्षं तेच करतोय, त्यामुळे त्याला दुसरं काही नाव आहे हे सगळेच विसरलेत. त्याची आई आठ दिवस हॉस्पिटलात होती आणि धाकटा भाऊ अजून तिकडे फिरकला नव्हता. हातोडी तशीच हातात धरून तो हे सांगत होता आणि मला त्याची दया आली. दया आली की आपल्याकडचं काहीतरी काढून द्यावंसं वाटतं. मी म्हणाले, "तुमचा भाऊ निदान आलाच नाही. माझा आला आणि दारातूनच परतला. हातातली छत्रीसुद्धा त्यानं खाली टेकवली नाही." शिक्केवाल्यानं ‘च्च’ केलं, मान हलवली आणि जरा बरं वाटल्यासारखा आपल्या टेबलाकडे गेला. दुसऱ्याचा भाऊ आपल्या भावापेक्षा वाईट निघाला की बरं वाटतंच. मी मात्र चिमट्यात धरलेलं पाच ग्रॅमचं वजन पारड्यात न ठेवता तशीच बसून राहिले. कारण ती छत्री दादाच्या हातात मी दिली होती. तीही आईच्या आजारपणात, अकरा वर्षांपूर्वी नाही. पाच वर्षांपूर्वी, कादंबरीच्या तिसऱ्या खर्ड्यात, एका रविवारी सकाळी. त्याचे हात रिकामे दिसत होते आणि त्या हातांचं काय करावं हे मला सुचत नव्हतं, म्हणून.

मी कादंबरी लिहिते हे कार्यालयात कोणाला ठाऊक नाही. ठाऊक झालं तर वजनमापांची निरीक्षक आणि कादंबरी यांवरून चार विनोद होतील आणि ते चारही माझे आधीच मनात करून झालेत. आईच्या शेवटच्या सतरा दिवसांवरची ही कादंबरी नऊ वर्षं चालली आहे. पात्रं बनवायची माझी एक पद्धत आहे. प्रत्येकाचं एक कार्ड, आणि कार्डावर सगळ्यात वर त्याचं वजन. हसण्यासारखं आहे, पण वजन ठरलं की माणूस जिना कसा चढतो ते कळतं, आणि जिना कसा चढतो ते कळलं की तो भांडताना कसा बोलेल तेही हळूहळू कळतं. नर्स त्रेचाळीस किलो. लिफ्टवाला ब्याऐंशी, तो दुसऱ्या खर्ड्यात न सांगता शीळ घालायला लागला आणि मी घालू दिली. शिवणकाम करणारी मावशी एकसष्ट. नवव्या प्रकरणात तिला मारायचं ठरलं होतं, तर बाई मरायलाच तयार होईनात. वजनानंतर मी पात्रांना प्रश्न विचारते, पण लहान लहान. पायाखाली काय लागतंय, हात कुठे आहेत, तोंडाला चव कसली आहे. तुला आयुष्यात काय हवं होतं, असं विचारलं की पात्रं खोटं बोलतात, भाषण ठोकतात. लहान काही विचारलं की बेसावधपणे खरं सांगून जातात. कादंबरीतल्या भावाचं मात्र कार्ड कोरं आहे. वजनसुद्धा नाही. मला वाटायचं, दादाला मी जन्मापासून ओळखते, त्याला कार्ड कशाला?

आणि नेमका तोच अडला होता. महिन्यापूर्वी संपादकांचा फोन आला. ते बोलताना मध्येच कागद चाळतात आणि आपल्याला तो आवाज ऐकत थांबावं लागतं. बाकी सगळं उत्तम आहे म्हणाले. दारातलं पान तर पुस्तकातलं सगळ्यात चांगलं पान आहे. आई पलंगावर निजलेली, भाऊ दारात, त्याची सावली आईच्या पायांपर्यंत येते आणि मग मागे सरकते. फक्त एक करा, म्हणाले, तो परत का जातो त्याचं एक पान त्याच्या मनातून द्या, वाचकाला ते हवंय. मी हो म्हणाले. एका पानाचं काय एवढं? त्या एका पानानं महिनाभर माझा पिच्छा पुरवला. मी त्याला भीती दिली, तर भ्यायलेला माणूस इतका प्रवास करून येईल कशाला? लाज दिली, तर लाजलेला माणूस आधी आत येऊन आईच्या पायाशी बसेल. राग दिला, पण राग कोणावर? कारण कोणतंही दिलं तरी तो दारापर्यंत नीट यायचा आणि तिथं पुतळा व्हायचा. माझ्या मनात आलं, आपल्याला लिहिताच येत नाही. नऊ वर्षं उगाच कागद काळे केले. यापलीकडे दुसरी काही शक्यता असेल हे डोक्यात आलंच नाही.

त्या दुपारी मी सात तराजू तपासले. एकाही दुकानदाराशी धड बोलले नाही. आमच्याकडे प्रमाण वजनांची एक पेटी असते, आत मखमल लावलेली. त्या वजनांना हात लावायचा नाही, चिमट्यानंच उचलायचं. बोटांचा घाम लागून लागून वजन बदलतं. दुकानदार शपथेवर सांगतात, साहेब, काटा कालपर्यंत बरोबर होता. ते खोटं बोलत नसतात. काटा एका दिवसात बिघडतच नाही, तो रोज केसभर सरकतो आणि त्यांची नजर त्याच्याबरोबर सरकते. हे मी किती जणांना समजावून सांगितलं असेल, जरा शिष्टपणानंच. आता पारड्याकडे बघत मी मनाशी एकेक गोष्ट धरून पाहू लागले. आईच्या खोलीला हिरवे पडदे होते. होते का? की हिरवे पडदे मी पलीकडच्या वॉर्डातून आणले, प्रकरणाला रंग हवा म्हणून? आई शेवटचं ‘पाणी’ म्हणाली. नाही, ती शेवटचं काय म्हणाली ते मला ऐकूच आलं नव्हतं. ‘पाणी’ मी चौथ्या खर्ड्यात घातलं. शेजारच्या पलंगावरची म्हातारी रात्रभर माळ ओढायची. ती खरी. ती खरी असावी. मी कार्यालयातून अर्धा तास लवकर निघाले, बत्तीस वर्षांत पहिल्यांदाच, आणि शिक्केवाल्यानं विचारलं, बाई, बरं नाही का? मी म्हटलं, डोकं दुखतंय. तेवढं मात्र खरं होतं.

घरी येऊन चप्पल काढायच्या आधी कपाट उघडलं. पाचही खर्डे खालच्या खणात आहेत, प्रत्येकाला वेगळ्या रंगाची नाडी. मी जमिनीवर बसून मागे मागे जात राहिले. पाचव्यात दारातलं पान चकचकीत, एक शब्द हलवता येणार नाही असं. चौथ्यात सावली आहे, पण ती आईच्या पायांपर्यंत पोचत नाही. तिसऱ्यात छत्री आली. समासात मीच लिहिलंय, ‘हात रिकामे नकोत.’ दुसऱ्यात तो दारात थांबतो, छत्री नाही, सावली नाही, आणि वाक्याच्या शेवटी मी प्रश्नचिन्ह केलंय. पहिल्यात तो दरवाजाच नाही. पहिल्या खर्ड्यात भाऊ एका ओळीत येतो आणि जातो. सगळ्यात खाली ती वही होती, हॉस्पिटलातली, औषधांच्या वेळा लिहायला घेतलेली. मी पान उलटत गेले. ताप, लघवी, इंजेक्शन, डॉक्टर काय म्हणाले. चौदाव्या दिवशी लिहिलंय: ‘बाराला रक्त आणायला गेले. रक्तपेढी शहराच्या पार त्या टोकाला. परत यायला साडेसहा. मध्ये दादा येऊन गेला, नर्सनं सांगितलं. भेट नाही.’ बस, एवढंच. मी ते चारपाच वेळा वाचलं. मी तिथं नव्हतेच. सावली, पावलं, त्याचं ते मान खाली घालून वळणं, त्यातलं काहीही मी पाहिलेलं नव्हतं. नर्सनं तरी कुठं पाहिलं असणार? तिची पाळी सहाला सुरू व्हायची, तिलाही आधीच्या नर्सनं सांगितलं असणार. आणि आई तोवर बोलेनाशी झाली होती.

खोलीत उजेड कमी होत गेला आणि दिवा लावायला उठावंसं वाटेना. राग खरा होता, हे मी स्वतःला बजावलं. चार वर्षं आईचं सगळं मी एकटीनं केलं. दादा दूरच्या शहरात, महिन्याला एक फोन, ‘कशी आहे?’ एवढंच, आणि मी ‘बरी’ म्हणायचे, कारण बरी नाही म्हटलं तरी तो काय करणार होता? आई गेल्यावर तो आला, सगळं उरकलं, चार दिवस राहिला आणि त्या चार दिवसांत आम्ही एकमेकांना चहा हवा का याखेरीज काही विचारलं नाही. आमच्या घरात तशी पद्धतच नव्हती. लहानपणी मात्र तो असा नव्हता. सायकल शिकवताना मागून धरल्याचं खोटं सांगायचा, आणि मी पडले की माझ्याआधी तोच रडायचा. मला ‘टिल्ले’ म्हणायचा, आणि ‘टिल्ले’ म्हणणारा जगात तो एकच. हे सगळं मी कादंबरीत घेतलं नाही. घेतलं असतं तर दारातलं पान उभं राहिलं नसतं, हे मला लिहितानाच कळत होतं आणि मी त्याकडे कानाडोळा केला. तीन वर्षांपूर्वी ते पान एका मासिकानं वेगळं छापलं. पत्रं आली, अनोळखी माणसांनी लिहिलं की तुमचा भाऊ आमच्याही घरात आहे. मला आनंद झाला. इतका झाला की त्यानंतर दादाचे फोन थांबले हे लक्षात यायला मला पाच-सहा महिने लागले. लक्षात आलं तेव्हा म्हणाले, बोचलं असेल, बोचू दे. मग मी त्याच्याशिवाय राहायला शिकले. शिकले म्हणजे काय, तर संध्याकाळी घरी आल्यावर पहिला शब्द मोठ्यानं बोलायला दुसऱ्या दिवसाचे दहा वाजायचे, कार्यालयात. मधले पंधरा-सोळा तास पात्रं बोलायची. लिफ्टवाला, मावशी, नर्स. त्यांच्यात माझं बरं चाललं होतं. आता त्या अंधारात मी त्यांतल्या एकेकाला मनात हाक मारून पाहिली आणि कोणी ओ दिली नाही. मला फार एकटं वाटलं. इतकं, की उठून भिंतीला हात लावावासा वाटला.

फोन दुसऱ्या दिवशी करायचा ठरवला, रविवारी सकाळी. ठरवल्यावर नेहमीप्रमाणे मी त्याचा खर्डा केला. पहिलं वाक्य काय, त्यावर तो काय म्हणेल, मग आपण काय म्हणायचं. साडेनऊला नंबर फिरवला तेव्हा फोन वहिनीनं उचलला आणि माझा खर्डा तिथंच संपला, कारण वहिनी त्यात नव्हतीच. "वन्सं? तुम्ही?" ती म्हणाली. वाईट बोलली नाही. बोलली असती तर मला सोपं गेलं असतं. मग फोन कुठंतरी ठेवल्याचा आवाज आला, लांबून तिचं बोलणं. मी तेवढ्यात दोनदा फोन ठेवायचा विचार केला. शेवटी पावलं ऐकू आली, जड आणि सावकाश, आणि माझ्या ध्यानात आलं की दादा आता चौसष्ट वर्षांचा आहे आणि त्याचं वजन किती असेल हे मला सांगता येणार नाही.

"बोल," तो म्हणाला. मी विचारलं, कसा आहेस. तो म्हणाला, ठीक. गुडघे धरतात. मी म्हटलं, तेल लाव. एवढं झाल्यावर मी पुढचं काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "ते मासिकातलं मी वाचलं होतं. पोरीनं आणून दिलं." मी हूं म्हटलं. तो सांगत गेला, मध्ये मध्ये थांबत, न चिडता. आधी वाचलं तेव्हा त्याला वाटलं, असं कुठं झालं होतं? मग पुन्हा वाचलं. हॉस्पिटलात आला तेव्हा दोन रात्री झोप नव्हती त्याला. घरी पोरगी तापानं फणफणलेली, तिला वहिनीवर टाकून तो निघाला होता आणि त्याच रात्री परत पोचायचं होतं. हॉस्पिटलचा जिना आठवत होता, परतीची बस आठवत होती. मधलं काही केल्या आठवेना. पोरीनं विचारलं, बाबा, तुम्ही आजीला न भेटता आलात? त्याला हो म्हणता येईना आणि नाही म्हणता येईना. "मग म्हटलं, तसंच झालं असेल," तो म्हणाला. "तुझी आठवण पहिल्यापासून चांगली. तू काय उगाच लिहिशील? तुला सांगायचं होतं, चुकलं माझं. पण कोणत्या तोंडानं फोन करणार?"

मला ऐकवेना. तीन वर्षं हा माणूस माझं पान घेऊन बसला होता. महिनाभर मी ज्याच्यासाठी दारातून परत जायचं कारण शोधत होते, तो तिकडे त्याच्या घरात तेच शोधत होता, आणि त्यालाही सापडत नव्हतं. मी म्हणाले, "दादा, ते मी लिहिलं." तो म्हणाला, "हो, वाचलं ना." मी म्हणाले, "तसं नाही. छत्री मी घातली. सावली मी घातली. तू परत गेलास हेही मीच घातलं. मी तिथं नव्हते, रक्त आणायला गेले होते. मला काहीच माहीत नाही." तो रागावेल, असं मला वाटलं. फोन आपटला असता तरी मी त्याला नावं ठेवली नसती. पण त्यानं फक्त विचारलं, "मग खरं काय झालं?" अगदी साध्या आवाजात, मला ते माहीत असणारच अशा भरवशानं.

मग माझ्याकडे जी एकच पद्धत होती ती मी वापरली. म्हटलं, दादा, जिना चढून वर आलास तेव्हा हातात काय होतं? तो म्हणाला, पिशवी असेल. पायात? बूट असतील. तोंडाला चव कसली होती? तो हसला, म्हणाला, काय विचारतेस हे. सगळी उत्तरं ‘असेल’ची. खर्ड्यातली पात्रं अशीच उत्तरं देतात आणि मी ती खोडते. मी आणखी विचारलं, खोलीत वास कसला होता, आईचं डोकं कोणत्या बाजूला होतं? आठवत नाही, टिल्ले, तो म्हणाला, खरंच आठवत नाही. आता त्याचा आवाज थकला होता. तेव्हा मला राहवलं नाही. पात्र अडलं तरी मी त्याच्या तोंडात उत्तर घालत नाही, पण हा दादा होता. मी म्हणाले, "तू आत आलास. आईजवळच्या खुर्चीवर बसलास, बराच वेळ." हे मी त्या क्षणी बनवलं. त्याला द्यायला माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं.

"खुर्ची कुठली?" तो म्हणाला. "स्टूल होतं. पलंगाच्या पलीकडे, भिंतीकडे. लोखंडी. एक पाय आखूड त्याचा, जरा हललं की टकटक वाजायचं. आईचा नुकता डोळा लागला होता. म्हणून मी हललोच नाही. पायाला मुंग्या आल्या, पण..."

मी पाचही खर्ड्यांत खुर्ची लिहिली आहे. वहीत स्टुलाचा उल्लेख नाही, मासिकातल्या पानात नाही, कुठंच नाही. सतरा दिवस मी त्याच्यावर बसले, त्याच्या आखूड पायाखाली औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा घडी करून घालायचे, तो रोज निसटायचा आणि मी रोज घालायचे. आणि मी ते साफ विसरून गेले होते. दारातून ते स्टूल दिसत नव्हतं. दिसलं असतं तरी त्याचा कोणता पाय आखूड आहे हे त्याच्यावर बसल्याशिवाय कोणाला कळलं नसतं. "किती वाजेपर्यंत बसलास?" मी कसंबसं विचारलं.

"बस सहाची होती," तो म्हणाला. "दुपारची जेवणाची ताटं परत नेत होते तेव्हा आलो. मग तोवर." पलीकडे वहिनी काहीतरी विचारत होती. मी नऊ वर्षं लिहीत होते, आणि त्याच्या त्या तीन-चार तासांतलं एक मिनिटही त्यात नव्हतं. माझ्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि मी ते पुसलं नाही. मग तो बोलला, इतक्या हळू की मला फोन कानाशी दाबून धरावा लागला.

"टिल्ले, म्हणजे मी आत गेलो होतो?"

"गेला होतास, दादा," मी म्हणाले. "तू होतास तिच्याजवळ. मी नव्हते."